भुतांचा कप्पा

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

परवा अनंत चतुर्दशी झाली. मुलं अजून आरत्यांतच आहेत. परिपाठाला प्रार्थनेच्या मध्येच एकाने झांज वाजवल्यासारखे हात केले आणि अख्खी रांग हसली.

मुख्याध्यापकांनी पुस्तकांचं काम माझ्याकडे दिलं. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत सहावी-सातवीच्या वर्गात एक नवा कप्पा भरायचा. विषय मुलं ठरवतील, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "बघा बाई, काय मागतील सांगता येत नाही."

९ सप्टेंबर

चिठ्ठ्या उघडल्या. थोड्या क्रिकेटच्या, एक-दोन प्राण्यांच्या, एक विनोदी. बाकी सगळ्या भुतांच्या. एकीत नुसतं एवढंच: "भूताची. खरी." खरीच्या खाली दोन रेघा.

१० सप्टेंबर

फळ्यावर यादी केली. कोणाला कुठलं भूत ठाऊक आहे?

मुंजा पिंपळावर. (मागच्या वर्षीचा 'मुंज्या' सिनेमा सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला.) गिरो पाण्यात, व्हाळाच्या कोंडीत. चकवा रानात, माणसाला एकाच जागी फिरवत ठेवतो. खवीस. समंध. मग कोणीतरी देवचार म्हणालं आणि आवाज खाली आले. त्याला भूत म्हणायचं नाही. हातात काठी, पेटती चूड. वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. "तो कोणाक काय करणा नाय," पहिल्या बाकावरची म्हणाली. मग आरवलीचा वेतोबा निघाला. त्याच्यापुढे ठेवलेली ती भली मोठी चामड्याची पायताणं प्रत्येकाने पाहिलेली. रात्री गावावर फेरी मारतो, म्हणून झिजतात.

मग हडळ. कशी होते? बाळंतपणात गेलेली बाई. चार जण एकदम बोलले.

खिडकीजवळचा सातवीतला मुलगा फळ्याकडे बघेना. त्याची आई मागच्या वर्षी तशीच गेली. मी हडळ लिहिलं नाही. पुढचं नाव विचारलं.

११ सप्टेंबर

रात्री झोप लागली नाही. सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा, तो मुंजा. बाळंतपणात गेलेली, ती हडळ. हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या घरचे होते. घरच्यांनी रडून झाल्यावर गावाने त्यांना झाडावर नेऊन बसवलं.

पुस्तक हातात घेताना आता हे आधी बघायचं. भूत कोणाचं केलंय.

१२ सप्टेंबर

शालेय व्यवस्थापन समितीतले एक काका दारात येऊन गेले. "बाई, पितृपक्षात हे वाचन नको." बरं म्हटलं. अमावस्या २१ला. तोवर मलाच वाचून काढायचं आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा. तिथून सावंतवाडी. श्रीराम वाचन मंदिर. १८५२ सालचं ग्रंथालय, आमच्या शाळेपेक्षा, गावातल्या डांबरी रस्त्यापेक्षा, सगळ्यापेक्षा जुनं. बालविभागात बसले. बाहेर पाऊस, मोती तलाव दिसत नव्हता.

काय हवं सांगितलं तर ग्रंथपाल आधी धारप काढायला गेले. नको म्हटलं. धारप मी कॉलेजात रात्र-रात्र जागून वाचले आहेत, 'समर्थ' तर पाठच होते. पण ते मोठ्यांसाठी लिहीत. त्यांच्याकडे अभद्र गोष्ट हळूहळू घरात शिरते, आपल्याच माणसाच्या आत शिरते. 'तुंबाड' सिनेमा ज्या गोष्टीवरून सुचला, तिचं नावच 'आजी'. बारा वर्षांच्या मुलीला रात्री त्याच आजीच्या कुशीत झोपायचं असतं.

चारच पुस्तकं काढली.

१४ सप्टेंबर, रविवार

वाचन. पहिलं पुस्तक: भूत शेवटी तस्कर निघतात. दुसरं: भूत शेवटी तस्कर निघतात. तिसऱ्यात जमिनीच्या लोभाने पुतण्या पांढरी चादर पांघरतो. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला. पण पन्नासाव्या पानावर मलाच कळलं की बॅटरी कोणाच्या हातात असणार. मुलांना तर पाचव्या पानावर कळेल.

भागवतांचा फास्टर फेणे वेगळा. तिथे शेवटी काय निघणार हे ठाऊक असलं तरी बन्या आता काय करील म्हणून पान उलटतंच. तो घेणार.

१५ सप्टेंबर

आमचे विज्ञानाचे सर मधल्या सुट्टीत आले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करतात, गेली कित्येक वर्षं. चमत्कारांचे प्रयोग गावोगाव करून दाखवतात. रागावलेले नव्हते. दुखावलेले होते. "मी ह्यांच्या डोक्यातून भूत काढतो आणि तुम्ही कप्पा भरून भुतं आणताय."

मी म्हटलं, सर, ह्यांच्या डोक्यातली भुतं मोबाइलमधून आणि ओटीवरच्या गप्पांतून येतात. तिथे त्यांच्या शेजारी कोणी बसलेलं नसतं. वर्गात मी असते, तुम्ही असता, पुस्तक मिटता येतं.

ते गप्प राहिले. पटलं नाही, एवढं दिसलं.

१७ सप्टेंबर

शाळेमागच्या टेकडीवर नेटवर्क मिळतं. छत्री घेऊन वर गेले. 'किशोर'चे १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने खुले ठेवले आहेत. दोन दिवाळी अंक उतरवून घेतले तोवर चप्पल चिखलात रुतली.

१८ सप्टेंबर

वेताळ पंचविशी पुन्हा वाचते आहे. मुलांची नव्हे, कथासरित्सागरातली, सोमदेवाची. काश्मीर, अकरावं शतक. ह्यातलं किती मुलांना देता येईल? डोकी उलटसुलट बसलेले नवरा आणि भाऊ, विश्वासघात, शेवटच्या गोष्टीतलं ते नात्यांचं कोडं. बरंच बाजूला ठेवावं लागेल. 'चांदोबा'ने चौकट तेवढी ठेवली आणि आत नव्या गोष्टी घातल्या. आमच्या घरी तो यायचा. शंकर यांचं ते चित्र: राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार. भीती वाटायची ती प्रेताची नाही. वेताळाने प्रश्न विचारायची. उत्तर ठाऊक असून बोललं नाही तर डोक्याची शकलं होणार, आणि बोललं तर तो परत झाडावर.

ही चौकट वर्गासाठी सोन्यासारखी आहे. प्रश्नापाशी थांबायचं. उत्तर मुलांनी द्यायचं.

२० सप्टेंबर

ठरलं. वाचन पहिल्या तासाला, परिपाठ झाला की लगेच. शेवटच्या तासाला अजिबात नाही. वरच्या वाडीची मुलं व्हाळाच्या कडेने जातात, पावसात सहालाच काळोख होतो. आणि सुरू केलेली गोष्ट त्याच दिवशी संपवायची. अर्धवट भूत घरी पाठवायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. शेजारून वडे आले. कावळे आज लवकर पोट भरून गेले.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. वाचन सुरू.

पहिली गोष्ट चार भावांची. रानात हाडं सापडतात. एक ती जुळवतो, दुसरा मांस चढवतो, तिसरा कातडी आणि केस, चौथा प्राण घालतो. सिंह उठतो आणि चौघांना खातो.

प्राण घालायच्या आधी मी थांबले. पान उलटलं नाही. काही बोलले नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मागच्या बाकावरचा, जो कधीही जागेवर बसत नाही, तो दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता.

मग वेताळाचा प्रश्न: दोष कोणाचा? राजा म्हणतो, प्राण घालणाऱ्याचा. वर्ग मानायला तयार नाही. "हाडं जुळवताना दात बघूक नाय?" दातांवरून सिंह ओळखता आला असता, पहिल्यानेच थांबवायला हवं होतं. गणिताचा तास गेला.

सर दारात उभं राहून ऐकत होते. किती वेळ ते कळलं नाही.

२४ सप्टेंबर

आज नाजूक भावांची. ह्यातला एक जेवणातला चोखंदळ. राजाकडे सुवासिक भात वाढतात आणि तो नाक धरून उठतो. म्हणतो, ह्या भाताला चितेच्या धुराचा वास येतो. चौकशी होते. तांदूळ स्मशानाजवळच्या शेतातला निघतो.

भूत नाही, रक्त नाही. तरी सगळ्यांच्या अंगावर काटा. दुपारी पोषण आहाराची खिचडी आली तर अर्धा वर्ग वास घेऊन बघत होता. स्वयंपाकाच्या मावशी विचारतात, काय वाईट लागतंय का रे?

तिघांतला बाईच्या वासाचा भाग मी गाळला. बिछान्यातला ठेवला.

२६ सप्टेंबर

काय चालतं ते थोडं कळायला लागलं आहे. भूत पहिल्या पानावर दिसलं की गेलं. आवाज आला, पावलं भिजलेली दिसली, आतून कडी लावलेल्या खोलीतला झोपाळा हलत होता: इथे पोरं पुढे सरकतात. चित्राचंही तसंच. मुखपृष्ठावर लाल डोळे आणि सुळे असले की मुलं पुस्तक उचलतात आणि चौथ्या पानावर ठेवून देतात.

आणि गोष्टीत एक तरी माणूस शहाणा हवा. आजोबा, मैत्रीण, कुत्रा चालेल.

२९ सप्टेंबर, सोमवार

मुंबईला असणाऱ्या एका ग्रामस्थांनी पुस्तकांचा गठ्ठा पाठवला. सुतळी सोडायला मुलांची झुंबड. गठ्ठ्यात एक पातळ, गुळगुळीत कागदाचं. लेखकाचं नाव नाही. एकाने मधलंच पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी, विस्कटलेले केस, झाडपाल्याची औषधं. ती कोणाच्या मुलावर नजर टाकते. गावकरी तिचं घर पेटवतात. मग गावात सगळे सुखाने राहतात.

वाचता वाचता तो थांबला आणि तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मग दोघांनी बघितलं. मग सगळ्यांनी.

तिथली मुलगी खाली बघून पेन्सिलला टोक काढत होती. टोक झालं होतं. तरी काढत राहिली.

पुस्तक मी घेतलं. ते माझ्या पिशवीत आहे. वर्गात परत जाणार नाही.

३० सप्टेंबर

ती आली नाही.

स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाल्या, तिची आजी. शेजाऱ्यांची म्हैस आटली त्या वर्षापासून बोलतात लोक. काविळीचं औषध मात्र तिच्याकडूनच नेतात.

१ ऑक्टोबर

संध्याकाळी तिच्याकडे गेले. चढ संपला की घर. वडील गोव्याला कामाला, पंधरवड्याने येतात. आई काजूच्या कारखान्यात. आजी ओटीवर आमसुलं निवडत होती. विस्कटलेले केस कुठले, चापूनचोपून अंबाडा, त्यात अबोलीचं फूल.

मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "माका काय म्हणतत ता माका म्हायत आसा." मग माझ्या हातात कोकम सरबत दिलं. "पोरगी येतली उद्या परवा. तुमी वायच बसा."

मुलगी दाराआडून बघत होती. पुस्तकाचं काही काढलं नाही. निघताना तिनेच विचारलं, "बाई, त्या पुस्तक खय गेला?"

माझ्याकडे आहे, म्हटलं. वर्गात येणार नाही.

"फाडलात?"

नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटायला गेले नाही कुठे. तिचा प्रश्न डोक्यात आहे. फाडायचं का? पुस्तक फाडायला हात होत नाही माझा. पण हे पुस्तक मी कोणाच्या हातात देणार? कोणाच्याच नाही. मग ठेवून तरी काय.

३ ऑक्टोबर

सरांना पुस्तक दाखवलं. उभ्या उभ्या वाचलं त्यांनी. चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा काढून समोर ठेवला. समितीच्या दाभोलकरांचा खून त्या वर्षीच्या २० ऑगस्टला, आठवड्याच्या आतच वटहुकूम, डिसेंबरात कायदा. त्याला जोडलेली अनुसूची मी पहिल्यांदाच नीट वाचली. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं, तिचं जगणं अवघड करणं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार.

सर म्हणाले, कायदा भुताच्या गोष्टीला हात लावत नाही. माणसाला भूत ठरवण्याला लावतो.

मी तीन आठवडे हेच शोधते आहे. त्यांच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

पालकसभा. पावसामुळे आले थोडे, पण ज्यांनी यायला हवं ते आले. मी पुस्तकांबद्दल बोलले. सरांनी अनुसूचीतलं ते कलम वाचलं. कोणाचं नाव घेतलं नाही. मागे दोन बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एक बाप म्हणाला, "शाळेत ह्ये कित्याक?" मी म्हटलं, कारण ते शाळेत आलं आहे. परवा वर्गात आलं.

नंतर पितृपक्षवाले काका थांबले. देवचाराची थट्टा असलेलं काही कप्प्यात येणार नाही ना, एवढंच विचारायचं होतं त्यांना. नाही येणार. त्यांनी मान डोलावली.

६ ऑक्टोबर

ती आली. तिसऱ्या बाकावरच बसली. ज्याने वाचलं होतं त्याने मधल्या सुट्टीत तिला पेरूची फोड दिली. तिने घेतली, मीठ नाही म्हणून परत दिली.

आज कोजागरी. ढग.

८ ऑक्टोबर

मागवलेली पुस्तकं आली. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' आहे त्यात. साहित्य अकादमीचा २०२४चा बालसाहित्य पुरस्कार मिळालेलं. खोक्यातून काढल्याबरोबर भूतबंगला हा शब्द चार जणांनी एकदम वाचला. ओढाओढ. नावांची यादी लावली, कोणानंतर कोण.

आज कप्प्यात: वेताळाच्या निवडक, माझ्या अक्षरात वहीत उतरवलेल्या. फास्टर फेणे. 'किशोर'मधल्या गोष्टी, छापून शिवलेल्या. सासणे. मतकरींची नाटकं.

हडळीचं एकही नाही. खिडकीजवळच्याला हे कळलंय की नाही ठाऊक नाही. त्याने फास्टर फेणे नेला.

९ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिनाला 'अलबत्या गलबत्या'तला प्रवेश वाचायचा ठरला होता. रत्नाकर मतकरींचं, चिंची चेटकिणीचं. काय आनंद आहे त्या नाटकात. पूर्वी प्रभावळकर चिंची करायचे, पुढे वैभव मांगलेंनी केली. पोरं भीतीने किंचाळतात आणि तीच पोरं तिला टाळ्या देतात. मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या त्याच हाताने हेही लिहिलं. मुलांना किती घाबरवायचं, कुठे हसवायचं, हे त्यांना कळत होतं.

पण चेटकीण. ह्या वर्गात, ह्या महिन्यात?

चिंची परीकथेतली. ती गावाबाहेर झाडपाला विकत नाही. कोणी तिचं घर पेटवत नाही. मला हे स्पष्ट दिसतं. मुलांना दिसेल?

१० ऑक्टोबर

नाटक नको असं ठरवलं. त्याऐवजी गुपी-बाघा सांगणार. उपेंद्रकिशोर राय यांची गोष्ट, ज्यावर पुढे त्यांच्या नातवाने, सत्यजित राय यांनी, १९६९ला सिनेमा केला. एक बेसूर गवई आणि एक बेताल ढोलवाला रानात भुतांच्या तावडीत सापडतात आणि भुतं त्यांच्या गाण्या-वाजवण्यावर खूश होऊन वर देतात.

सातवीच्या मुलींना तसं सांगितलं.

मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावरची कपाटाशी येऊन उभी. "बाई, चिंची कित्याक काढलात?" मी म्हटलं, वेळ कमी आहे. ती हलली नाही. "माका चिंची होवची आसा."

आता मी हिला काय सांगणार? की तुझ्यासाठीच काढली?

११ ऑक्टोबर

नाटक ठेवलं. चिंची तीच.

१३ ऑक्टोबर

तालीम. तिचा आवाज कौलांपर्यंत जातो. हसणं कमरेतून येतं, गडगडत. कुठे शिकली? पहिली-दुसरीची पोरं दारात जमली आणि ती हसली की ओरडत पळून जातात, परत येतात. आजीने काळं लुगडं दिलंय म्हणे. मी म्हटलं नाट्यवाचन आहे, वेश नको. ऐकत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. कलामांच्या फोटोला हार. केंद्रप्रमुख आले, पंधरा मिनिटं म्हणाले, तासभर बसले.

लुगडं नेसून आली. आजी पडवीत, खांबाला टेकून. खुर्ची दिली, बसली नाही. चिंची पहिल्यांदा हसली तेव्हा सगळी शाळा किंचाळली आणि मग टाळ्या. गेल्या महिन्यात तिसऱ्या बाकाकडे बघणारे तेच सगळ्यात पुढे बसून तोंडं वासून बघत होते. काही बायका हसल्या नाहीत. त्यांनी आजीकडे बघितलं, आजीने नातीकडे.

गुपी-बाघा सांगायला वेळ उरला नाही.

१९ ऑक्टोबर

सुट्टी. वाडीतली पोरं रात्रभर नरकासुर बांधतायत. बांबू, गवत, जुने पेपर. तोंडाला पुठ्ठा. दात किती लांब काढायचे ह्यावर भांडण. पाच वर्षांचा एक लहानगा लांबून बघत होता, जवळ ये म्हटलं तर येईना. त्याच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा दिला आणि एक दात रंगवायला सांगितला. रंगवला. मग तोच दुसऱ्यांना दम द्यायला लागला, माझ्या दाताला हात लावू नका.

मुलं भीती स्वतः बांधतात तेव्हा ती किती उंच करायची ते त्यांनाच ठरवू द्यावं. कप्प्यात कोऱ्या वह्याही ठेवायला हव्यात. सुट्टीनंतर.

२० ऑक्टोबर

पहाटे नरकासुर जळला. कारीट फोडलं, कडू जिभेला लावलं. लहानगा दाताच्या राखेत काठी घालून बघत होता.

५ नोव्हेंबर

शाळा सुरू. त्रिपुरारी पौर्णिमा. आता दहीकाले सुरू होतील, दशावतार. रात्र-रात्र जागून पोरं वर्गात पेंगतील. दशावतारात सुरुवातीलाच संकासुर येतो. काळं झाकलेलं तोंड, लाल जीभ, बोलतो मात्र गावातल्यासारखा, हसवतो. लहान पोरं आईच्या पदरात शिरतात आणि एका डोळ्याने बघतात. मीही बघायचे.

७ नोव्हेंबर

वह्या दिल्या. तुमचं भूत तुम्ही लिहा. अट एकच: गावातल्या, घरातल्या, ओळखीच्या कोणाला भूत करायचं नाही. आधी कुरकुर. मग लिहायला लागले.

खिडकीजवळच्याने अर्धं पान लिहिलं. एक बाई रोज रात्री येते आणि चुलीवरचं दूध उतू जाऊ देत नाही. कोणाला दिसत नाही. एवढंच. वर नाव: "दूध".

मी वही घरी आणली. परत देताना काय बोलायचं ते सुचत नाही.

८ नोव्हेंबर

सरांना वाचायला दिली. ते म्हणाले, ह्यावर लाल पेन नको. मलाही तेच वाटत होतं. वही तशीच परत दिली. तोही काही बोलला नाही. विचारलं, नवीन फेणे आहे का?

आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

बिननावाचं ते पुस्तक अजून माझ्या कपाटात. सर म्हणतात ठेवा. त्यांना समितीच्या कामात बारावीच्या मुलांपुढे ते वाचायचं आहे, कायद्याबरोबर. मोठी मुलं आहेत, बोलतील. पटलं. दिलं.

१२ नोव्हेंबर

चिंचीने भूतबंगला दोन दिवसांत संपवला. यादीत तिच्या पुढे तीन नावं होती, त्यांना काय दिलं देव जाणे. आज फास्टर फेणे परत करायला आली. चेहरा पडलेला.

आवडलं नाही?

आवडलं. पण ह्यात भूत नाही. माणसंच निघाली.

मी सरांचं मत सांगितलं, माणसंच असतात म्हणून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते तिला ठाऊक आहे. माणसं तिने बघितली आहेत. तिला असं पुस्तक हवं की ज्यात भूत शेवटपर्यंत भूतच राहतं, आणि ते कोणाच्या गावचं नसतं.

शनिवारी सावंतवाडीला जायचं. ग्रंथपालांना फोन केला, मागणी जशीच्या तशी सांगितली. ते म्हणाले, बाई, ही वाचक कितवीत आहे?